सहा अक्षरांची जागा

“या वेळी शेवटचं कडवं गाळलंस, तर पेटी मिटून भर कीर्तनातून उठून जाईन. आधीच सांगून ठेवतो.”

शमुवेल औषधाच्या खिडकीच्या आत होता, मी बाहेर. कोळगव्हाणच्या मिशन दवाखान्यात तो कंपाउंडर होता. लाल औषधाच्या बाटलीला डोसांच्या खुणेची कागदी पट्टी चिकटवता चिकटवता त्यानं विचारलं, “कीर्तन कुणाच्या घरी आहे, मास्तर?”

“माझ्या.”

“मग उठून जाणार कुठं?”

माझ्या मागं रांगेत उभी असलेली म्हातारी फिसकन हसली. मी वहीतून फाडलेला अभंगाचा कागद गजांतून आत सरकवला.

त्या वर्षी माझी बायको मरणाच्या दारातून परत आली होती. पोटात गाठ होती. तिला शस्त्रक्रियेच्या खोलीत नेलं तेव्हा मी व्हरांड्यात गुडघे टेकले आणि म्हणालो, प्रभू, हिला परत दे, मी घरी उपकारस्तुतीचं कीर्तन ठेवीन. आमच्या ख्रिस्ती मंडळीत ही रीतच होती. ज्याच्यावर उपकार झाला त्यानं कीर्तन ठेवायचं, गावाला बोलवायचं. ती परत आली. सतरा दिवस खाटेवर काढून आली, पण आली. आख्यानाला विषयही मी चोख निवडला होता. प्रभूनं बरे केलेले दहा कुष्ठरोगी, त्यातले नऊ परस्पर घरी गेले आणि एकच उपकार मानायला मागं फिरला, ते.

आता खरं सांगतो. कीर्तनाची तारीख ठरली तेव्हा माझ्या मनात बायको नव्हती, आणि प्रभूही नव्हता. शमुवेल होता.

एकोणीस वर्षं आमची जोडी होती. बोर्डिंगात एका ताटलीत जेवलेली पोरं आम्ही. मोठेपणी मी शाळामास्तर झालो, तो कंपाउंडर. पदं मी रचायचो, चाली मी बांधायचो, पेटी मी वाजवायचो. तो उभा राहायचा. पांढरं धोतर, खांद्यावर शेला, हातात चिपळ्या, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्यालाही वाटावं, हा मलाच हाक मारतोय. हार त्याच्या गळ्यात. बायका लेकरं पुढं करायच्या ती त्याच्यापुढं. माझ्याच ओळी लोक मला येऊन म्हणून दाखवायचे आणि वर सांगायचे, “काय शब्द आहेत हो शमुवेलरावांचे!” पत्रिकेत छापलेलं असायचं, ‘कीर्तनकार श्री. शमुवेल त्रिभुवन व साथीदार’. एकोणीस वर्षं मी त्या ‘व’च्या पलीकडं बसलो होतो.

माझं मागणं एवढंसं होतं. अभंगाच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफायचं, ही आपली जुनी चाल. माझ्या प्रत्येक अभंगात ‘बेंजामिन म्हणे’ असायचंच. आणि शमुवेल प्रत्येक वेळी नेमकं तेच कडवं गाळायचा. कधी वेळ संपला, कधी घसा बसला. एकदा राहुरीला मी फारच चिडलो तेव्हा म्हणाला, “तुझं नाव लांब आहे रे बेन्या, चढ्या लयीत पायात येतं.”

या खेपेला गोष्ट वेगळी होती. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचे जावई पुण्याहून टेपरेकॉर्डर घेऊन येणार होते. ती टेप गावोगावच्या मंडळ्यांत वाजणार होती. या वेळी नाव घेतलं गेलं नाही, तर मग कधीच नाही.

शमुवेलनं खिडकीत उभ्या उभ्या कागद वाचला. ध्रुपदावर मान डोलावली.

‘दहा झाले शुद्ध, नऊ गेले घरा, एकाचा आसरा, ख्रिस्त झाला.’

“झकास,” तो म्हणाला. मग शेवटाला आला आणि थांबला. त्या ओळी ओठांतल्या ओठांत गुणगुणला. चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिला.

“हे शेवटचं कुठं सुचलं तुला?”

“इथंच, वॉर्डात. हिच्या उशाशी बसलो होतो तेव्हा.”

“हं.”

“काय हं?”

“चांगलं आहे. वरच्या चारांपेक्षा चांगलं आहे.”

स्तुतीसुद्धा तो अशी करायचा की ती बोचावी.

“मग म्हणणार ना?”

“म्हणणार.”

“नाव घेऊन?”

“ज्याचं कडवं त्याच्या नावानं म्हणीन. झालं समाधान? आता बाजूला हो, आजीबाई खोळंबल्यात.”

मी घरी आलो तो हवेतच.

बायको ओट्यावर बसून कीर्तनाच्या चहासाठी मागून आणलेल्या कपबशा पुसत होती. आमची मुलगी प्रिसिला मिरजेला नर्सिंग शिकत होती. मी बायकोला ‘अगं’ म्हणायचो, फार तर ‘प्रिसिलाची आई’. गाव तिला ‘बाई’ म्हणायचं, कारण रविवारी शब्बाथशाळेत ती मुलांना शिकवायची.

“झालं लिहून?” तिनं विचारलं.

“झालं.”

“वाचून दाखवा की.”

“कीर्तनातच ऐक.”

“कीर्तनात मी चुलीपाशी असते,” ती म्हणाली. “एकोणीस वर्षं तुमची पदं मी भिंतीआडून ऐकतेय.”

मी तिकडं लक्ष दिलं नाही. टेपरेकॉर्डर कुठं ठेवायचा म्हणजे पेटीपेक्षा शब्द स्वच्छ येतील, याचा मी विचार करत होतो.

रविवारी दुपारी चार वाजता अंगणात ताडपत्री बांधली. मंडळी झाडून आली. वॉर्डात बायकोच्या शेजारच्या खाटेवर जिचा पाय प्लास्टरात होता, ती पलीकडच्या वस्तीवरची ठकूबाईसुद्धा काठी टेकत आली. देवळातली, म्हणजे हिंदू, तरी माणुसकीची. मिठाचा खडा अन् मिरच्या घेऊन बायकोची दृष्ट काढायला निघाली होती. बायकोनं हसत हसत तिला थोपवलं आणि आत चुलीपाशी नेऊन बसवलं.

शमुवेल उभा राहिला. नमन झालं. आणि मला कबूल करायला हवं, मनात एवढं जहर असूनही, त्याचं निरूपण सुरू झालं की मी पेटीवरची बोटं विसरायचो.

“दहाच्या दहा बरे झाले, मंडळी!” तो म्हणत होता. “कातडी कशी, तान्ह्या बाळासारखी. पहिला म्हणाला, उपकार मानायचे ना, मानू की. आधी घरी तोंड दाखवतो. दुसरा म्हणाला, बायको दार उघडते की नाही ते बघतो. तिसरा म्हणाला, मी मनातल्या मनात मानले, देवाला मनातलं कळतं!” अंगण हसलं. “चौथा म्हणाला, मी बरा झालो तो माझ्या पथ्यानं. पाचवा म्हणाला, आपण दहा जण मिळून एक ठराव करू आणि आभाराचं पत्र पाठवू, सेक्रेटरी मी!”

आमच्या मंडळीचे सेक्रेटरी पुढंच बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. तेही हसले.

“नववा,” शमुवेल एकदम आवाज उतरवून म्हणाला, “नववा मागं फिरला होता. अर्ध्या वाटेपर्यंत आला. पण त्यानं पाहिलं की आपल्या पुढं आणखी एक जण पोचलाय, पायाशी पडलाय आणि सगळे त्याच्याकडंच बघताहेत. नववा तिथूनच घरी गेला.”

हे माझ्या कागदात नव्हतं. कुणी हसलं नाही. मी पेटीत मान घातली.

मग अभंग आला. एक कडवं झालं, दुसरं झालं. साथीला बसलेल्या पौलसचा तबला चढत होता. तिसरं. चौथं. आता. पुण्याचे जावईबापू टेपरेकॉर्डरवर वाकले होते. शमुवेलनं चिपळ्या थांबवल्या, तबल्याला हातानं हळू केलं, आणि डोळे मिटून म्हटलं,

“दीना म्हणे देवा, फिरून मी आले, पायाशी बैसले, उगी आता.”

माझे हात थांबले. पेटीचा भाता सुस्कारा टाकून बसला.

दीना हे माझ्या बायकोचं नाव.

पहिल्या क्षणी मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. जे नाव मी स्वतः लग्नानंतर मोठ्यानं घेतलं नव्हतं, ते या माणसाच्या तोंडात इतकं सवयीचं कसं? एकोणीस वर्षं हार नेलेस, शब्द नेलेस, आता हेही? पेटी मिटून उठायला मी एक गुडघा वर घेतलाही होता.

आणि दुसऱ्या क्षणी मला ती खाट आठवली. सलाईनची नळी, मिटलेले डोळे, आणि त्या कोरड्या ओठांतून येणारं गुणगुणणं. याच दोन ओळी. शब्द न् शब्द याच. मला वाटलं होतं, कुण्या जुन्या, नाव नसलेल्या भक्ताचं काही असेल. ‘दीना’ म्हणजे कुणी एक दीन, गरीब जीव, एवढंच मला ऐकू आलं. ‘आले’, ‘बैसले’ म्हणतोय, म्हणजे सगळी ख्रिस्ती मंडळी ही प्रभूची वधू, त्या भावानं म्हणत असेल. इतकी विद्वत्ता मी खर्च केली. माझी बायको बोलतेय, आणि स्वतःबद्दल बोलतेय, हे तेवढं सुचलं नाही. बेवारस समजून मी ते उचललं. ‘आले’चं ‘आलो’ केलं, ‘बैसले’चं ‘बैसलो’ केलं. राहिलं नाव. ‘बेंजामिन म्हणे’ सहा अक्षरं भरतं. ‘दीना म्हणे देवा’ हीसुद्धा सहाच. माझं नाव बसवायला सहाच्या सहा अक्षरं उपटावी लागली. त्यात ‘देवा’ही गेला.

अंगणात बायका डोळे पुसत होत्या. पेटी थांबली ती माझा कंठ दाटला म्हणून, असं सगळ्यांना वाटलं. शेवटची प्रार्थना झाली आणि पाळकसाहेब हार घेऊन उठले. शमुवेलला ओलांडून ते माझ्याकडं आले.

“आजचा हार मास्तरांना,” ते म्हणाले. “यांनी स्वतःचं नाव न घालता सौभाग्यवतींच्या नावानं अभंग पुरा केला. मंडळी, उपकारस्तुती म्हणतात ती ही!”

टाळ्या पडल्या. एकोणीस वर्षांनी झेंडूचा हार माझ्या गळ्यात पडला, ओला, जड. शमुवेल माझ्याकडं बघत होता. मी तोंड उघडायचं होतं तर तेव्हाच.

तेवढ्यात आतून ठकूबाईचा आवाज आला, “अगं दीनाताई, हे तर तुझंच गाणं! खाटेवर म्हणायचीस ते!”

आणि बायकोचा, दबका, “गप बसा मावशी. चहा घ्या.”

मी तोंड उघडलं नाही.

लोक चहा-चिवड्याला पांगले तेव्हा मी शमुवेलला घरामागच्या भांडी घासायच्या दगडाशी गाठलं.

“आधी सांगायचं होतंस मला.”

“सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

“काढून टाकलं असतं ते कडवं.”

“तेच,” तो म्हणाला. “बेन्या, मी रोज दोनदा वॉर्डात औषध द्यायला जायचो. केसपेपरवरचं नाव मोठ्यानं वाचायचो. ती डोळे उघडायची, औषध घ्यायची, आणि पुन्हा तेच म्हणत पडायची. तुझा कागद आला तेव्हा मी ओळखलं. तुला ठाऊक नसेल हे मात्र मला वाटलं नाही. मला वाटलं, चोरलंस.”

“शमू, मला ठाऊक नव्हतं.”

“मग आणखी वाईट.” त्यानं हातावर पाणी घेतलं. “आणि माझंही ऐकून घे. मी तुझं नाव गाळत आलो ते मुद्दाम. वेळ नव्हता, घसा नव्हता, सगळं खोटं. मला एक ओळ येत नाही रे. लोक हार घालतात आणि मी तुझं उष्टं गाऊन आलेला असतो. निदान नाव तरी माझ्या तोंडून निघू नये, असं वाटायचं.”

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. एकोणीस वर्षांचा हिशोब हातात आयता आला होता, आणि माझ्या गळ्यात तो हार होता. मी काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो दगडावर ठेवला. मग आम्ही दोघं आत जाऊन चिवडा खाल्ला. दुसरं काय करणार?

दिवे लागायच्या वेळी अंगण रिकामं झालं. बायको भिंतीला टेकून बसली होती, पोटावर हात ठेवून. मी समोर बसलो.

“तुझं होतं ते,” मी म्हटलं.

“हं.”

“मला वाटलं, जुनं काही आहे.”

“मीसुद्धा जुनीच आहे,” ती म्हणाली. “बावीस वर्षांची जुनी.”

“सगळ्यांसमोर का नाही बोललीस? ठकूबाईला गप्प का केलंस?”

“तुमच्या गळ्यात हार होता. लोकांसमोर उतरवायचा म्हणजे...” ती थांबली. “आणि मी ते काय टाळ्यांसाठी म्हटलं होतं? शुद्धीवर आले तेव्हा कुणी तरी म्हणत होतं, दीना ओहोळ, दीना ओहोळ. मला कळेचना की कुणाला बोलावतायत. मग कळलं, मलाच. बाई नव्हे, प्रिसिलाची आई नव्हे. रोज दोनदा ऐकायचे. बरं वाटायचं. म्हणून घातलं ओळीत. देवाला सांगायचं तर नीट नाव सांगावं ना.”

“माझं चुकलं.”

“नाव काढलंत त्याचं मला फार नाही. माझं नाव घेतं कोण? पण आज ते शमुभावजींच्या तोंडून बरोबर ऐकलं, आणि मग तुमचा कच्चा कागद कोनाड्यात सापडला, तो वाचला. ‘देवा’ काढलंत हो तुम्ही. कुणाजवळ येऊन बसले, तेच काढलंत. मग पाय कुणाचे?”

कंदील पेटवायला मी उठलो.

पुढच्या रविवारी उपासनेत साक्षीची, म्हणजे चारचौघांत आपला अनुभव सांगायची, वेळ आली तेव्हा मी उभा राहिलो. ते कडवं माझं नाही, माझ्या बायकोचं, दीनाचं आहे. मी ते तिला न विचारता घेतलं आणि स्वतःचं नाव घातलं होतं. हार खोटा होता, एवढं बोललो. “आणि तिला परत दिल्याबद्दल प्रभूची उपकारस्तुती, जी मी कीर्तनात करायला विसरलो.” खाली बसलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सेक्रेटरी खाकरले. बायकांच्या बाजूला बायको खाली मान घालून बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते.

गोष्ट इथं संपली असती तर मी फार चांगला माणूस ठरलो असतो.

मंगळवारी सकाळी ती दारात बसून तांदूळ निवडत होती. मी शाळेला निघालो होतो, चप्पल पायात. ती कुणाला ऐकवत नव्हती, सुपाकडं बघत म्हणत होती,

“हाक मारी कोणी, माझिया नावाने, उठले जिवाने, तेवढ्याने.”

मी उंबऱ्यावर थिजलो. सहा, सहा, सहा, चार. एक अक्षर इकडं नाही की तिकडं नाही. ‘तेवढ्याने’! हा शब्द शेवटाला टाकायला मला सात जन्म लागले असते. यमक मी दौतीत बुडवून बुडवून काढायचो, आणि ही बाई खडे वेचता वेचता... छातीत ती जुनी ओळखीची कळ उठली, शमुवेलच्या हारांच्या वेळी उठायची तीच. उलट जास्तच. शमुवेलकडं आवाज होता, तो माझा प्रांत नव्हता. हा माझा प्रांत होता.

“काय झालं?” तिनं वर पाहिलं. “असे काय उभे?”

“काही नाही.”

“सांगा की.”

“हेवा वाटतोय,” मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द मी तोंडातून काढला.

“कुणाचा?”

“तुझा. दीना, तुझा.”

मग तिच्या हातातलं सूप हलायला लागलं, तांदूळ ओसंडून दारात सांडले, आणि दवाखान्यातून आल्यापासून कधी हसली नव्हती तशी ती हसायला लागली. एक हात पोटावर दाबून, डोळ्यांत पाणी येईतो.

“हसवू नका हो,” ती म्हणाली, “टाके दुखतात.”